बुकपोस्ट, दोन्ही टोके उघडी

माणूस भेटला की ते आधी त्याच्या चपलांकडे पाहत आणि मग नजर सावकाश वर नेत. ती चेहऱ्यापर्यंत पोहोचेतो समोरचा माणूस पुरता अवघडलेला असे. त्यात उद्धटपणा नव्हता. पस्तीस वर्षांची नोकरी होती. टपालाच्या सॉर्टिंग टेबलाशी उभे राहून त्यांनी आयुष्य काढले होते आणि पत्ता खालून वर वाचायचा, हा त्या टेबलाचा पहिला नियम होता. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वाडी. नाव सगळ्यांत शेवटी. "नावं काय, सारखीच असतात," ते म्हणत. "एका वाडीत चार सखाराम. माणूस ओळखायचा तो तळाच्या ओळीवरून."

मी त्यांच्या माडीवर पाच वर्षे भाडेकरू होते. कॉलेजात मराठी शिकवणे आणि जात्यावरच्या ओव्यांवरचा प्रबंध संपवणे, अशी दोन कामे घेऊन मी रत्नागिरीला आले होते. पहिले संपण्यासारखे नव्हते आणि दुसरे संपत नव्हते. घर जांभ्या चिऱ्याचे, हातभर जाडीच्या भिंतींचे. ऊन कलले की त्या भिंती दिवसभराची ऊब परत करू लागत आणि चिऱ्याच्या बारीक छिद्रांतून एक लोखंडी, ओलसर वास येई. पाटीवर पाण्याचे फडके फिरवल्यावर येतो तसा. वारा फिरला तर त्यात मिरकरवाड्याच्या सुकत घातलेल्या मासळीचा वास मिसळे. खालच्या मजल्यावर ते एकटे राहत. पत्नी जाऊन बरीच वर्षे झाली होती. एक मुलगी होती. तिच्याविषयी या घरात बोलायचे नसते, हे शेजारच्या काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितले आणि मग तासभर त्या तिच्याविषयीच बोलल्या.

खोली दाखवण्याआधी त्यांनी माझ्याकडून एक कागद भरून घेतला होता. तो त्यांनी स्वतः पट्टीने आखलेला होता.

"सध्याचा पत्ता हा झाला," ते म्हणाले. "कायमचा?"

"कायमचा असा नाही. वडील बदलीच्या नोकरीत होते."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "असं कसं, बाई? आमची माणसं मुंबईत चाळीस वर्षं काढतात. तिथेच म्हातारी होतात. पण कायमचा पत्ता विचारा, मुक्काम पोस्ट आपलं गाव. एरवी टपाल परत कुठे करायचं?"

त्यांनी त्या चौकटीत बारीक अक्षरात 'तूर्त रिक्त' असे लिहिले आणि किल्ली दिली.

निवृत्तीनंतर त्यांच्यापाशी टपाल उरले नव्हते, पण शेरे उरले होते. परत जाणाऱ्या पत्रांवर मारायचे ते चार-पाच शेरे त्यांनी आता सगळ्या सृष्टीसाठी वापरायला काढले होते. दूध नासलेले निघाले, तर "घेण्यास नकार." आमच्या विभागातले एक प्राध्यापक गप्पांना येत आणि निघताना कशासाठी आलो होतो हे विसरून जात, ते फाटकाबाहेर पडले की, "पत्ता अपुरा." परसातल्या नारळावरून उतरून शेजारच्या आवारात स्थायिक झालेल्या खारीविषयी, "इसम गाव सोडून गेला." त्यांचा एक जुना सहकारी वारला, तेव्हा ते स्मशानातून आले, ओटीवर पाय धुतले आणि म्हणाले, "पुढे पाठवला."

वजनही त्यांना हातात कळे. कोथिंबिरीची जुडी ते तळहातावर क्षणभर तोलत आणि भाजीवालीला ग्रॅम सांगत. तिने तराजूत टाकून पाहणे कधीच सोडून दिले होते. मी माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण मोठ्या संकोचाने त्यांना वाचायला दिले. त्यांनी ते तळहातावर घेतले.

"एकशे साठ ग्रॅम," ते म्हणाले. "विषय कोणता?"

मुलीची हकिकत अशी. ती लहान असताना ते तिला सांगत, की ज्याला काही लपवायचं नाही, त्याने कार्ड लिहावं. पाकीट कशाला? मुलगी मोठी झाली, शिकायला नागपूरला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी तिने नोंदणी पद्धतीने लग्न केले. हे तिने वडिलांना कळवले ते पोस्टकार्डावर. कार्ड रत्नागिरीत पोहोचले, थैलीतून निघाले, टेबलावर आले. ते तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. टेबलावरच्या साऱ्यांना त्यांच्या घरचा पत्ता पाठ. कार्ड त्यांच्या हाती पडण्याआधी अकरा जणांनी त्यांचे अभिनंदन केले होते; ते त्यांनी निवृत्तीचे समजून घेतले. बाराव्याने पेढे मागितले, तेव्हा त्यांनी विचारले, "कशाचे?"

जावयाविषयी त्यांची काहीही तक्रार नव्हती. जातीचा, पगाराचा, कशाचाच उल्लेख त्यांनी कधी केला नाही. तक्रार कार्डाची होती.

त्यानंतर आलेली तिची पाकिटे ते परत करत. मी हे एकदा पाहिले आहे. पोस्टमनने पाकीट पुढे केले. त्यांनी ते कडेने धरले, खालून वर वाचले, खिशातले तांबडे पेन काढून त्यावर 'घेण्यास नकार' असे लिहिले, खाली सही केली, तारीख घातली, आणि पाकीट परत देऊन पोस्टमनला पाणी विचारले. अक्षर इतके घोटीव होते, की लांबून पाहणाऱ्याला ते निमंत्रण वाटावे. फोन वाजला आणि पलीकडे तिचा आवाज असला, तर ते रिसीव्हर हलकेच टेबलावर ठेवून बागेत जात. आपटत नसत.

असाच एकदा टेबलावर ठेवलेला रिसीव्हर, तिकडून अजून 'अण्णा, अण्णा' ऐकू येत असताना, मी उचलला. त्या दिवशी मुलीची आणि माझी ओळख झाली. माझा ई-मेल तिने उतरवून घेतला. चार दिवसांनी तिची फाइल आली आणि सोबत दोन ओळी: "ताई, हे छापून त्यांच्या टेबलावर नुसतं ठेवा. माझं अक्षर बघितलं की परत करतात."

माझ्याकडे प्रिंटर होता. प्रश्नपत्रिकांसाठी आणि प्रबंधासाठी घेतलेला, बिनतारी, म्हणजे त्या काळी गावात नवलाचा. मी पान छापले आणि खाली नेऊन ठेवले. शाई ओली होती, कागद कोमट होता. त्यांनी तो हात मागे बांधून, वाकून, लांबून पाहिला.

"हे काय?"

"छापलेलं आहे."

"ते दिसतंय."

दोन दिवस तो कागद टेबलावर होता तिथेच राहिला, वर एक शिंपला ठेवलेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावून निर्णय दिला. "छापील मजकूर आहे. पाकीट नाही, डकवलेलं नाही, दोन्ही टोकं उघडी. म्हणजे बुकपोस्ट. बुकपोस्ट कुणीही चाळावं. चाळलं म्हणून पत्र स्वीकारलं, असं होत नाही."

"नाही होत," मी म्हटले.

"मात्र तुम्ही वाचायचं नाही. टपालाची गुप्तता तुम्हांलाही लागू."

मी तसे वचन दिले. ते त्यांनी माझ्याकडून उभ्याने घेतले. तेव्हापासून मी मुलीची फाइल उघडताच डोळे खिडकीबाहेरच्या माडाकडे लावी आणि छपाईची आज्ञा देई. उत्तर मात्र त्यांनी एकाही पानाला दिले नाही. बुकपोस्टाला उत्तर द्यायचे नसते.

आठवड्याभरात ते म्हणाले, "माझ्या टपालासाठी तुम्ही जिना उतरावा, हे बरं दिसत नाही." त्यामुळे प्रिंटर खाली त्यांच्या खोलीत गेला आणि संगणक वर राहिला. त्यांनी त्याच्यासाठी जुने कप्प्यांचे टेबल रिकामे केले. त्या टेबलाला डिंकाचा आणि जळक्या लाखेचा वास होता. फोन आणि राउटर तिथेच शेजारी. मी वर बटण दाबले की खाली यंत्र जागे होई, अडकित्त्यात सुपारी कातरल्यासारखा आवाज करी, आणि पान बाहेर येऊन पडे. ते जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणत, "पोचलं." एवढेच.

हे सुख चार महिने टिकले. पुढे प्रिंटर हरवू लागला. सकाळी छापणारा दुपारी छापत नसे. खाली त्याचा निळा दिवा शांतपणे जळत असे आणि वर संगणक लिहीत असे, 'ऑफलाइन'.

"ऑफलाइन म्हणजे काय?" त्यांनी विचारले.

"म्हणजे संपर्कात नाही. बेपत्ता म्हणा."

"अहो, पण हा तर माझ्यासमोर बसलाय."

मी सगळे बंद करून पुन्हा सुरू करी, संगणकावरून त्याचे नाव पुसून पुन्हा घाली, की तो सापडे. एक-दोन दिवसांनी पुन्हा हरवे. त्यांनी एक वही आखली आणि प्रिंटर केव्हा गेला, केव्हा आला, हे ते मिनिटासकट लिहू लागले. शिवाय यंत्राचे एक बटण दाबून धरले, की ते स्वतःची माहिती देणारे एक पान स्वतःच छापते, असा शोध त्यांना लागला. संगणकाचे एक अक्षर न छापणारे यंत्र हे पान मात्र विनातक्रार काढी. "स्वतःविषयी लिहायला याला सवड आहे," ते म्हणाले, आणि ते पान तारीख घालून फायलीला लावले. अशी बरीच पाने जमली.

आश्विनाचे कडक ऊन पडले होते. भारनियमन दुपटीवर गेले होते. अशा एका मंगळवारी मुलीची फाइल आली. सोबतच्या ओळी या वेळी जास्त होत्या आणि त्या मला उद्देशून असल्यामुळे मी वाचल्या.

"ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गाडीने कोकणात येतोय. रविवारी सकाळी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीत पोचू. घरी यायचं आहे. अण्णांना विचारलंय. शनिवारपर्यंत त्यांनी हो म्हटलं, तरच येऊ. नाहीतर परस्पर पुढे जाऊ. पुन्हा नाही विचारणार. तुम्ही त्यांच्या वतीने हो म्हणू नका."

मी माडाकडे पाहिले आणि बटण दाबले. ऑफलाइन.

पुन्हा दाबले. मग सगळे बंद केले, सुरू केले. नाव पुसून पुन्हा घालायला गेले, तर रांगेत पाने अडकलेली असताना संगणक ते पुसू देईना. खाली गेले.

"काका, तिचं आलंय. जरा निकडीचं आहे. मी वाचून दाखवू का?"

त्यांनी हात वर केला. "तोंडी निरोप टपालात बसत नाही."

"मग मी हाताने उतरवून देते."

"हाताने लिहिलं की ते पत्र."

"शनिवारपर्यंत..."

"बाई," ते म्हणाले, "गुप्तता."

बुधवारी मी फाइल घेऊन बाजारातल्या सायबर कॅफेत गेले. तिथल्या संगणकात आमचा मराठी फाँट नव्हता. छापून आले ते सगळे टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरे, डॉलर आणि प्रश्नचिन्हे. तरीही मी ते काकांना नेऊन दिले. त्यांनी ते तळापासून वरपर्यंत पूर्ण वाचले. "ही आपल्या टपाल-सर्कलची डाक नव्हे," असे म्हणून त्यांनी ते परत दिले, पण लगेच नाही.

संध्याकाळी ते स्वतःहून म्हणाले, "वायरलेसचा माणूस आणतो." मला बरे वाटले. गुरुवारी सकाळी तो माणूस आला. पन्नाशीचा, रापलेला, खांद्यावर तारेचे वेटोळे. मिरकरवाड्याला ट्रॉलरवरचे वायरलेस संच दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने प्रिंटर उचलला, उलटा केला, कानाशी नेला.

"काका, याचा एरियल कुठं हाय?"

"नाही."

"नाय? मग ह्यो बोलतो कुनाशी?"

"वरच्या बाईंशी."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग भिंतीकडे. भिंतीवर बोटाची पेरे आपटली. "ह्यो चिरा. लोखंड हाय निस्तं. ह्यातना काय जानार? दर्यात चाळीस मैल बोलनं सोप्पं, ह्या भितीतना नाय. असं करा, माडीवर बांबू उभा करू, पंधरा हात. त्यावर एरियल."

"बांबूने पत्र येईल?" त्यांनी विचारले.

"पत्राचा नाय म्हाईत," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "वादळाची खबर येईल."

त्याने चहा घेतला आणि तो गेला. पण भिंतीची शंका ठेवून गेला. मग आम्ही दोघांनी प्रिंटर आणि राउटर, तारा पुरतील तिथवर ओढत, आंब्याच्या रिकाम्या पेटीवर जिन्याच्या पायथ्याशी मांडले; मधे भिंत उरली नाही. मी वर गेले. ऑफलाइन.

"तार आणते," मी वरूनच ओरडले. "पन्नास पावलांवर दुकान आहे. सरळ वायर जोडू, संपलं."

"तारेने आलेला मजकूर म्हणजे तार," ते जिन्याखालून म्हणाले. "तार सही करून घ्यावी लागते. मग ती घेतलीच, असं होतं."

मी पायरीवर बसले. माझ्या पदवीत, पदव्युत्तर शिक्षणात आणि एकशे साठ ग्रॅमच्या प्रकरणात याचे उत्तर नव्हते.

शुक्रवारी मी मुलीला कळवले, की प्रिंटर बिघडल्याने तिचे पान त्यांच्यापर्यंत गेलेले नाही. उत्तर तासाभरात आले. "ताई, नको असेल तर नको म्हणू दे त्यांना. प्रिंटरवर कशाला ढकलता?" मी तिच्या जागी असते, तर हेच लिहिले असते.

त्या दिवशी दुपारी खाली डोकावले, तेव्हा ते वही आणि फाइल शेजारी-शेजारी उघडून बसले होते. खाली पंखा नव्हता, लाइट नव्हती. घामाचे थेंब कागदावर पडू नयेत म्हणून त्यांनी कपाळाला पंचा बांधला होता. जेवणाचे ताट झाकलेलेच होते. पंच्याहत्तरीच्या माणसाने अशा उन्हाच्या वेळी उपाशी बसून एखाद्या यंत्राची चौकशी का करावी, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते आणि दोघांनीही तो विषय काढला नाही.

"सेवा खंडित आहे," ते म्हणाले. "बरं नव्हे."

शनिवारी दहा वाजता त्यांनी जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक मारली. "बाई, खाली या. हा लाइट गेल्यावर हरवत नाही. लाइट आल्यावर हरवतो."

टेबलावर यंत्राची ती स्वतःविषयीची पाने एकाखाली एक मांडली होती. मी ती वरून वाचू लागले. त्यांनी पेन्सिलीने माझी नजर खाली नेली.

"तळाची ओळ वाचा. पाच दिवसांत हा सबंध कागद एका अक्षराने बदललेला नाही. नाव तेच, घराणं तेच. तळाला हे आकडे बघा. सोमवारी शेवटी तीन. मंगळवारी पाच. बुधवारी दोन. काल पुन्हा पाच. हे काय आहेत?"

मी पाहिले. हे आकडे माझ्या माहितीचे होते. फक्त मी त्यांच्याकडे कधी पाहिले नव्हते. "हा त्याचा पत्ता," मी म्हटले. "राउटर देतो. लाइट आली की माझा संगणक, कॉलेजचा लॅपटॉप, हा, ज्याची पाळी आधी लागेल त्याला आधीचा नंबर."

"आणि वरचा संगणक पत्र कुठे टाकतो?"

मी वर जाऊन पाहून आले. "तीनवर. सोमवारपासून तीनवरच."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर पस्तीस वर्षांपूर्वीची कुठली तरी सकाळ आली असावी. "बाई, तुम्ही म्हणालात, बेपत्ता. शब्द बरोबर होता. आपण त्याचा अर्थ हरवलेला असा घेतला. याचा पत्ता बदलला आणि याने कळवलं नाही. एवढंच."

मग त्यांनी, याला कायमचा पत्ता देता येईल का, असे विचारले. येतो, मी म्हटले. मी यंत्राच्या आणि संगणकाच्या त्या खिडक्या उघडल्या. राउटर वाटतो ते पहिले आकडे सोडून लांबचा, पन्नास हा आकडा त्यांनी निवडला. "भाडेकरूंच्या रांगेत नको. याचं याला वेगळं घर असू दे." मी तोच आकडा वरच्या संगणकालाही सांगितला. त्यांनी एका चिठ्ठीवर 'कायमचा पत्ता' असे लिहून, खाली आकडे घालून, ती डिंकाने प्रिंटरच्या कपाळाला डकवली.

चिठ्ठी वाळण्याआधी यंत्र जागे झाले. सुपारी कातरू लागले. एक पान आले. मग दुसरे. मग तिसरे. चार दिवसांत मी जितक्या वेळा बटण दाबले होते, तितक्या वेळा ते एकच पान एकामागून एक बाहेर येत राहिले. ते शेवटचे पान पडेपर्यंत उभे राहिले.

"नऊ," ते म्हणाले.

मग त्यांनी वरचे पान उचलले आणि सवयीप्रमाणे तळापासून वाचले. वचनाप्रमाणे मी माडाकडे पाहत होते. तळाची ओळ, म्हणजे तिची सही, त्यांनी पहिल्यांदा वाचली असणार. आणि मग घरी येऊ का, हे विचारणारी ओळ. आणि कुठे तरी वर, सगळ्यांत शेवटी, स्वतःचे संबोधन.

वाचून झाल्यावर ते खुर्चीवर बसले. त्यांनी खिशातून तांबडे पेन काढले. ते पेन मला माहीत होते.

त्यांनी पानाच्या कोपऱ्यात एक ओळ लिहिली, खाली सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्याकडे दिला. "हे पाठवा तिला. पत्र नव्हे. शेरा आहे. शेरा मारणं पोस्टाचं कामच असतं."

तांबड्या, घोटीव अक्षरांत लिहिले होते: 'पत्ता बदललेला नाही.'

मी तो वर जाऊन अक्षरशः तसाच टाइप केला आणि पाठवला. एक शब्दही माझा घातला नाही. खाली आले, तर त्यांनी उरलेली पाने 'जादा प्रती' म्हणून माझ्या स्वाधीन केली. मी मोजली. सात होती. आठ हव्या होत्या. मोजण्यात त्यांची चूक होत नसे.

रविवारी साडेनऊला फाटकाशी गाडी थांबली. ते ओटीवर उभे होते. धुतलेला शर्ट, कपाळाला पंचा नाही. जावई पुढे झाला. त्यांनी त्याच्या चपलांपासून सुरुवात केली आणि सावकाश वर गेले. तो बिचारा गडबडून जागीच थांबला.

"नागपूर," ते म्हणाले. "चार चार शून्य, शून्य किती?"

"दहा," जावई म्हणाला.

"बसा."

मुलगी अजून पायरीखाली होती. तिच्या हातात दोऱ्याने बांधलेला पाकिटांचा गठ्ठा होता. "अण्णा, हे तुमचं टपाल. परत आलेलं."

त्यांनी गठ्ठा घेतला, तळहातावर तोलला, पण वजन सांगितले नाही. वरच्या पाकिटावरचा स्वतःचा शेरा वाचला. "अक्षर बरं आहे," ते म्हणाले. मग तिच्याकडे न पाहता, "कार्ड कशाला पाठवलंस?"

"तुम्हीच म्हणायचात ना? ज्याला काही लपवायचं नाही, त्याने कार्ड लिहावं."

आवारात माडाची झापे घासत होती.

"म्हणायचो," ते म्हणाले.

ते आत जाऊन कप्प्यांच्या टेबलाशी बसले. दोरा सोडला, तो गुंडाळून ठेवला. पहिल्या पाकिटावरचा 'घेण्यास नकार' त्यांनी एका सरळ रेघेने खोडला, त्याखाली 'बटवडा केला' असे लिहिले, सही केली, तारीख घातली, आणि मगच सुरीने पाकीट फोडले. पत्र तळापासून वाचले. मग दुसरे पाकीट. अकरा होती. मुलगी शेजारी स्टुलावर बसली, लहानपणी बसत असेल तशी, आणि रिकामी झालेली पाकिटे एकावर एक रचू लागली. मी चहा आणून ठेवला, तो निवला, पुन्हा गरम करून आणला.

मधे लाइट गेली. त्यांनी खुर्ची खिडकीकडे सरकवली आणि वाचणे चालू ठेवले. दुपारी लाइट आली. राउटरचे दिवे लुकलुकले, प्रिंटरचा निळा दिवा लागला, एकदा मिचकला आणि आपल्या पत्त्यावर स्थिर झाला. तिकडे कुणी पाहिले नाही. ते तेव्हा आठव्या पत्राच्या सहीपाशी होते.